सोमवारची बाटली

आक्काताई होवाळला वास येत नाही, असं कारखान्यात सगळे धरून चालले होते. नाहीतर डिस्टिलरीच्या मागच्या त्या टाकीवर माणूस टिकतंच कसं, असा त्यांचा हिशोब. तिथं नेमलेला माणूस आठ दिवसांत बदली मागायचा, नाहीतर पंधराव्या दिवशी आजारी पडायचा. आक्काताई मात्र डोक्याला पदर गुंडाळून रोज वर चढायची आणि खाली उतरायची. तिला वास येत होता. इतरांपेक्षा जरा जास्तच येत होता. पण कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

ती कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या भादुगावची. बौद्धवस्तीत घर. नवरा अर्जुना साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस ओढायच्या कामाला होता. अठ्ठ्याऐंशीच्या हंगामात उसाच्या ट्रेलरचा हूक तुटला आणि अर्जुना मधे सापडला. घरात सासू धोंडुबाई, मुलगी विजयमाला आणि ती. दीड वर्ष हेलपाटे घातल्यावर कारखान्यानं तिला नवऱ्याच्या जागी घेतलं, पण गव्हाणीवर बाई कशी ठेवायची म्हणून डिस्टिलरीच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लावलं. शिक्षण सातवी. कागदोपत्री ती ‘हंगामी मदतनीस’.

डिस्टिलरीत मळीपासून स्पिरिट निघायचं. एक लिटर स्पिरिट निघालं की मागं बारा-तेरा लिटर तपकिरी, कढत, आंबट पाणी उरायचं. त्याला सगळे मळीचं पाणी म्हणत. ते मागच्या खड्ड्यांत सोडत आणि पावसाळ्यात खड्डे भरले की ते ओढ्याला लागायचं. ओढा पुढं तीन किलोमीटरवर भादुगावातून जायचा. पूर्वी ज्यात म्हशी डुंबायच्या त्या पाण्याला आता म्हशी तोंड लावत नव्हत्या. गावात याबद्दल रोज शिव्या निघत, आणि त्याच गावातली चाळीस माणसं कारखान्यात कामाला होती. त्यामुळं शिव्या ओढ्याच्या पुढं जात नसत.

ब्याण्णव साली वरून नोटिसा आल्या, तेव्हा कारखान्यानं तीन मजली उंचीची बंद टाकी बांधली. मळीचं पाणी थंड करून टाकीत सोडायचं, आतले जंतू त्यातली घाण खाणार, आणि खाऊन गॅस सोडणार. तो गॅस नळानं बॉयलरला. म्हणजे पाणीही निवळणार आणि जळणही वाचणार. हे सगळं बघायला सांगलीहून सौमित्र लिमये नावाचा पंचविशीतला केमिस्ट आला. हुशार पोरगा, चष्मा सारखा वाफेनं धुरकटलेला.

“आक्काताई, ही टाकी म्हणजे गाईचं पोट समजा,” तो पहिल्या दिवशी म्हणाला.

“मंग तिला रवंथ कराया येळ द्यावा लागंल, सायेब,” आक्काताई म्हणाली.

सौमित्र हसला. पुढं मोठे साहेब बघायला आले तेव्हा त्यानं हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. आक्काताई बाजूला बाटल्या धूत होती. तिला काही वाटलं नाही.

टाकीला विरजण लागतं, म्हणजे शेण. दोनशेच्या वर ट्रॉल्या शेण आसपासच्या गावांतून आलं. महिनाभर ट्रॅक्टरची रांग. आक्काताई शेणकाल्यातली दगडं-चिंध्या वेचायला उभी असायची. संध्याकाळी घरी गेली की धोंडुबाई दारातच अडवायची.

“गावाची शेणं-गोठं सोडून कारखान्यात गेलीस, आन् तितं बी शेणच?”

“ह्ये पगारी हाय, आत्या.”

“शेणाला कुटं कळतंय पगारी हाय का फुकटातलं? हातपाय धू आदी.”

पन्नासेक दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी सौमित्रनं नळाचा कॉक उघडला, काडी लावली आणि म्हणाला, “पेटलं.” उन्हात ज्योत दिसेना. त्यानं उसाचं वाळकं पाचट काठीला बांधून पुढं धरलं आणि ते भुर्रकन पेटलं. बघायला जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. पुढं रीतसर कार्यक्रम झाला, झेंडूची तोरणं, पेढे, भाषणं. हंगाम संपल्यावरही डिस्टिलरीचा बॉयलर त्या गॅसवर चालायला लागला आणि बगॅसचे, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चिपाडांचे, डोंगर शिल्लक राहू लागले.

लॅबचे असिस्टंट वासानं पळत होते, म्हणून सौमित्रनं आक्काताईलाच सॅम्पल तपासायला शिकवलं. दिवसातून तीनदा वर चढायचं, तीन उंचीवरच्या तोट्यांतून पाणी घ्यायचं, गाळायचं, मग ब्युरेटमधनं थेंब-थेंब सोडायचं आणि गुलाबी झालं की थांबायचं. आकडा लिहायचा. त्यावरनं टाकीत आम्ल किती साठलंय ते कळतं. पॉइंटनंतरचे आकडे तिला आधी येत नव्हते. ते विजयमालेनं रात्री चुलीपुढं कोळशानं फरशीवर काढून शिकवले. महिन्याभरात तिचा हात असा बसला, की एक थेंब जास्त गेला तर तीच म्हणायची, “ह्ये टाकून द्या, मी परत करते.”

आणि नाकानंही तिला कळायला लागलं. टाकीचं पोट बरं असलं की वरच्या तोटीला ओल्या गोठ्यासारखा वास. बिघडायला लागलं की आंबलेल्या ताकासारखा. ब्युरेट सांगायच्या आधी अर्धा दिवस नाक सांगायचं. सौमित्रला तिनं हे एकदा सांगितलं होतं. त्यानं ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं होतं.

चौऱ्याण्णवला सौमित्र गुजरातेत मोठ्या कंपनीत गेला. त्याच्या जागी आले जगदाळे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत स्पिरिटची मोठी ऑर्डर आली, डिस्टिलरी पूर्ण ताकदीनं सुरू झाली, आणि जगदाळ्यांनी टाकीत रोज सोडायचं पाणी दीडपट केलं.

तिसऱ्या दिवशी ताकाचा वास आला. संध्याकाळच्या सॅम्पलमध्ये आम्लाचा आकडा पंधराशेवरनं बावीसशेवर गेलेला. सामू, म्हणजे जो खाली आला की पाणी आंबट झालं समजायचं, तो सात पॉइंट तीनवरनं सात. आक्काताई आकडे घेऊन केबिनमध्ये गेली.

“सायेब, टाकीला लय व्हतंय. चार दिस निम्मं सोडा.”

“गॅस वाढलाय का कमी झालाय?”

“वाढलाय. पर बॉयलरवालं म्हन्त्यात ज्योत धरत न्हाई. नुसतीच हवा येतीया म्हन्त्यात.”

“गॅस वाढला म्हणजे टाकी खातीय. तू सॅम्पल नीट घेत जा.”

दुसऱ्या दिवशी सामू सहा पॉइंट आठ आला. जगदाळ्यांनी रजिस्टर पुढं ओढलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं सात पॉइंट दोन लिही. उद्या संचालक येणारेत. चार दिवसांत मीच कमी करतो.”

आक्काताईनं पेन उचललं. तिच्या कायम होण्याचा कागद त्याच टेबलावर, त्याच साहेबांच्या सहीसाठी थांबलेला होता. विजयमाला त्या वर्षी दहावीला होती. हे सगळं त्या क्षणी तिच्या मनात आलं, असं तिनं पुढं कधी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की पेन चालत होतं. तिनं सात पॉइंट दोन लिहिलं. खाली सही केली. पाच दिवस ती तेच लिहीत राहिली आणि खरे आकडे पाठ करत राहिली. कशाला, ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी टाकी मेली. गॅस बंद, वरच्या झाकणातनं फेस, आणि खालनं आत गेलं तसंच आंबट पाणी बाहेर. पाणी सोडणं थांबवावं लागलं, पण डिस्टिलरी काही थांबली नाही. ऑर्डर पुरी व्हायची होती. सगळं मळीचं पाणी जुन्या खड्ड्यांत गेलं. दोन दिवसांत खड्डे भरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकडचा मातीचा बांध फुटला.

आक्काताई तेव्हा कामावर निघाली होती. ओढ्याच्या काठानंच वाट. पाणी चहासारखं, वाफाळतं, वर पांढरा फेस. मासे पोट वर करून कडेला लागलेले. काठाला नानासो थोरातांची विहीर होती. नानासो म्हणजे गावातला मोठा शेतकरी, सात-आठ म्हशी, दोन बैलजोड्या. ते विहिरीच्या काठावर धोतर खोचून उभे होते आणि आत बघत होते. तिच्याकडं त्यांनी मान वर करून पाहिलं. ती थांबली नाही.

चौकशीला तीन संचालक बसले. रजिस्टर उघडलं तर आकडे सगळे उत्तम. जगदाळे म्हणाले, “सातवी शिकलेली बाई आहे. तिनं रीडिंग चुकीचं घेतलं, त्याला मी काय करणार?”

आक्काताईला आत बोलावलं. बसायला कुणी सांगितलं नाही. ती उभी राहिली.

“तू हे आकडे घेतलेस?”

“आकडं मी घेतलं. बराबर घेतलं. लिवलं खोटं.”

एका संचालकानं रजिस्टर मिटलं.

“कुणी सांगितलं लिहायला?”

“सायबांनी सांगितलं. पर लिवलं मी. सही माजी हाय.”

“मग खरे आकडे काय होते?”

तिनं सांगितले. पाच दिवसांचे, दिवसातले तीन-तीन, तोटीनुसार, पॉइंटसकट. मधे एकदाच थांबली, एक आकडा मनाशी तपासून घेतला आणि पुढं गेली. एका संचालकानं बॉयलरवरची वही मागवली. ज्योत कधी कमी झाली, कधी बंद पडली, ते त्यात होतं आणि ते तिच्या आकड्यांशी जुळत होतं.

जगदाळ्यांना नोकरी सोडून जायला सांगितलं. आक्काताईला मेमो मिळाला, एक महिना निलंबन आणि कायम होणं पुढं ढकललं. किती पुढं, ते लिहिलेलं नव्हतं. घरी धोंडुबाईनं विचारलं, “खरं बोललीस आन् वर शिक्षा?”

“खोटं लिवलं त्याची शिक्षा हाय, आत्या. खऱ्याची न्हाई.”

म्हातारीला हे पटलं नाही. ती दोन दिवस सुनेशी बोलली नाही. मग बोलायला लागली.

तेराव्या दिवशीच कारखान्याचा शिपाई दारात आला. टाकी परत सुरू करायची होती आणि वर चढायला कुणी तयार नव्हतं. शिवाय दुसरीच एक अडचण होती. टाकीतलं सडलेलं पाणी काढून, चुना घालून, परत शेण भरायला हवं होतं. ब्याण्णव साली हसत-खिदळत शेण देणारी गावं आता एक पाटी द्यायला तयार नव्हती. भादुगावनं तर ट्रॅक्टर वेशीवरनंच परत लावला होता. मुख्य केमिस्ट म्हणाले, “आक्काताई, तू त्याच गावची. बघ जरा.”

ती नानासोंकडं गेली. नानासोंनी दिलं की गाव देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते गोठ्यापुढं खाटेवर बसले होते. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली.

“काय गं आक्के?”

“शेण पायजे, नानासो. टाकीला.”

“माजी हीर बगितलीस न्हवं? महिना झाला, पाणी आजून जनावरं पीत न्हाईत. आन् ती वही तूच लिवत हुतीस म्हनं.”

“व्हय. मीच लिवत हुते.”

नानासो खाटेवर सावरून बसले. ती नाही म्हणेल, साहेबावर ढकलेल, रडेल, असं काहीतरी त्यांनी धरलं असावं.

“मंग मी शेण कशापायी देऊ?”

“न्हाई दिलं तर टाकी बंद ऱ्हातीया. डिस्टिलरी बंद ऱ्हात न्हाई. पाणी तुमच्या हिरीकडंच येतंय.”

“म्हंजी दमच देतीस की.”

“दम न्हाई, नानासो. हाय ते सांगते.”

नानासोंनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग म्हणाले, “वही कोन वाचतंय तितं? आमी वाचत न्हाई. उंद्याच्याला दुसरा सायेब ईल, दुसरं काय तरी लिवाय लावील. मला वही नगं. मला पाणी दाव.”

“दावते.”

“कवा?”

“दर सोमवारी. टाकीत जातं ती एक बाटली आन् टाकीतनं येतं ती एक. ग्रामपंचायतीपुढं ठिवते. ज्याला बगायचं त्यानं बगावं.”

“सायबाला इचारलंस?”

“न्हाई.”

नानासो पहिल्यांदाच थोडे हसले. “जा. सकाळी ट्रॅक्टर लाव.”

त्या आठवड्यात भादुगावनं सत्तर ट्रॉल्या शेण दिलं. बाकीची गावंही मागं-पुढं आली.

पहिल्या सोमवारी ती दोन बाटल्या पिशवीत घालून ग्रामपंचायतीपुढं आली, तेव्हा पोरांनी ओरडा केला, “डिस्टिलरीची बाटली आली, गड्यांनो!” माणसं हसत जमली. टाकी अजून पुरी सुरू झाली नव्हती, म्हणून दोन्ही बाटल्या सारख्याच वाईट होत्या आणि तिनं तसंच सांगितलं. आठव्या सोमवारी टाकीचा गॅस पेटला होता. तरी दुसरी बाटली काळीच.

नानासोंनी ती उन्हात धरली. “हे काळंच हाय की.”

“रंग जात न्हाई, नानासो. जाळ जातो.”

तिनं पिशवीतनं सामूच्या कागदाच्या दोन पट्ट्या काढल्या. पहिल्या बाटलीत बुडवलेली लाल झाली, दुसरीतली हिरवट. मग तिनं सोबत आणलेल्या डबीतल्या साध्या पाण्यात आणखी एक पट्टी बुडवली. तीही हिरवटच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, “मंग हे पिऊन बगावं का?” आक्काताई म्हणाली, “न्हाई. पिण्याचं न्हवं. खोटं कशाला सांगू.”

नानासोंनी ती दुसरी बाटली घरी नेली. पुढच्या आठवड्यात कॅनभर मागितलं. भरपूर पाणी घालून एका सरीला सोडलं. ऊस जळला नाही. पावसाळ्यानंतर त्या सरीतला ऊस बाकीच्यापेक्षा किंचित हिरवा दिसत होता. नानासोंच्या मते बराच हिरवा, आक्काताईच्या मते थोडा.

गावात बाटली जाते हे कारखान्यात पहिल्या सोमवारनंतर महिन्यानं कळलं होतं. नव्या कार्यकारी संचालकांनी तिला बोलावलं.

“कारखान्याचं सॅम्पल बाहेर नेतेस? कुणाच्या परवानगीनं?”

“कुनाच्या न्हाई.”

“बंद कर.”

“करते, सायेब. तेवडं सोमवारी गावात सांगते, की सायबांनी बंद केलं. शेणाचं ट्रॅक्टर त्या रस्त्यानंच येत्यात.”

संचालकांनी तिला हातानंच जायला सांगितलं. परवानगीही मिळाली नाही आणि बंदीही आली नाही. बाटली चालू राहिली.

सगळे सोमवार चांगले नव्हते. शहाण्णवच्या पावसाळ्यात दोनदा, सत्त्याण्णवला एकदा, दुसऱ्या बाटलीतली पट्टीही लालसर आली. तिनं ती तशीच पुढं ठेवली. एकदा तर गावातली वीस-पंचवीस माणसं त्याच दुपारी गेटवर गेली आणि टाकीत जाणारं पाणी निम्मं करून घेऊन आली. आक्काताई रोज मागत होती तेच. पण तिनं मागितलेलं आणि गावानं मागितलेलं यात फरक पडतो, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. काम होण्याशी मतलब.

सत्त्याण्णवच्या थंडीत धोंडुबाई गेली. त्या सोमवारी बाटली आली नाही. मंगळवारी आली. नानासोंचा गुडघा तोवर धरला होता, ग्रामपंचायतीपर्यंत येणं होत नव्हतं, म्हणून आक्काताई आधी त्यांच्या घरी जायची. त्या मंगळवारी त्यांनी पट्टी स्वतः बुडवली, रंग बघितला आणि विचारलं, “म्हातारीचं वय काय हुतं?” तिनं सांगितलं. नानासोंच्या सुनेनं चहा आणला. तिघांसाठीही घरातलेच कप होते, आक्काताईला वेगळा नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चात कायम झाल्याचा कागद आला. पद तेच, मदतनीस. तिनं तो विजयमालेला दाखवला. ती कराडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. तिनं वाचला आणि म्हणाली, “आई, ‘हंगामी’ एवढाच शब्द गेलाय.”

“तेवडाच जायाचा हुता,” आक्काताई म्हणाली.

नव्व्याण्णवला डिस्टिलरी वाढवली, म्हणून शेजारी दुसरी टाकी उभी राहिली. या वेळी शेणाची एकही ट्रॉली लागली नाही. पहिल्या टाकीच्या तळचा गाळच पंपानं दुसरीत सोडला आणि एकोणीस दिवसांत गॅस लागला. कार्यक्रम झाला नाही, कारण मोठे साहेब मुंबईला होते. नव्या टाकीला दोन पदवीधर पोरं नेमली. त्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावून विचारलं, “मावशी, इथं किती वेळा वर चढावं लागतं?”

“तीन येळा,” ती म्हणाली, आणि सॅम्पलच्या बाटल्या त्याच्या हातात देऊन पुढं चढायला लागली.